फाइलपासून कानापर्यंत

गाण्याच्या फाइलींचा विषय निघाला की बोलणं बघता बघता बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला किती बिट खर्च होतात त्यावर, येतं. 128 किलोबिट की 320, थोडी माहिती टाकून लहान केलेली एमपीथ्री की काहीच न टाकता लहान केलेली फ्लॅक, 16 बिट की 24. मलाही या आकड्यांचं वेड आहे, त्यांवर तासन्‌तास बोलायला मी कधीही तयार असतो. पण संगणकावर आणि फोनवर मन लावून गाणं ऐकण्यात इतकी वर्षं गेल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे. ऐकणाऱ्याचं नुकसान फॉरमॅटमुळे फार थोडं होतं. त्याहून जास्त होतं ते फाइल आणि कान यांच्यामधल्या वाटेवर, जिथं सॉफ्टवेअर आपल्याला न विचारता आकड्यांना हात लावतं. आणि सगळ्यात मोठं नुकसान तर फाइल तयार होण्याआधीच, मास्टरिंग करताना, म्हणजे गाण्यावर शेवटचा हात फिरवताना झालेलं असतं.

आकडे म्हणतोय ते अगदी शब्दशः. डिजिटल ध्वनी म्हणजे ध्वनिलहरीच्या चढउताराची ठरावीक अंतराने घेतलेली मोजमापं. सोनी आणि फिलिप्स यांनी 1980 साली सीडीचं प्रमाण ठरवलं, त्यात सेकंदाला 44,100 नमुने, डावा-उजवा असे दोन चॅनेल आणि प्रत्येक नमुन्याला 16 बिट असा हिशेब आहे. गुणाकार केला तर सेकंदाला साधारण 1,411 किलोबिट होतात. हा 44,100 आकडा मला फार आवडतो. त्या काळी इतका डेटा साठवायला व्हिडिओ टेपच हाताशी होती. सेकंदाला 60 फील्ड (एका चित्राचे अर्धे भाग) असलेल्या व्हिडिओत दर फील्डच्या 245 रेषा वापरायच्या आणि रेषेमागे 3 नमुने बसवायचे: 44,100. सेकंदाला 50 फील्ड असलेल्या पद्धतीत 294 रेषा, पुन्हा 3 नमुने: तेवढेच 44,100. आज टेप गेली, पण तिच्या रेषांचा हिशेब अजून आपल्या प्रत्येक गाण्यात बसलेला आहे.

हे नमुने म्हणजे पायऱ्या, आणि नमुने वाढवले की पायऱ्या बारीक होऊन आवाज गुळगुळीत होतो, हा समज अजून जागोजाग भेटतो. गणित तसं नाही. क्लॉड शॅनन यांनी 1949 साली मांडलेल्या सिद्धांतानुसार, नमुने घेण्याच्या वेगाच्या निम्म्याखाली असलेली प्रत्येक फ्रिक्वेन्सी त्या नमुन्यांतून जशीच्या तशी परत उभी करता येते. त्या बिंदूंमधून जाणारी आणि त्या मर्यादेत बसणारी लहर एकच असते, आणि डॅकचं, म्हणजे आकड्यांची पुन्हा लहर करणाऱ्या चिपचं, काम तीच लहर काढून देण्याचं. सीडीसाठी ही मर्यादा 22 किलोहर्ट्झच्या जरा वर येते. तरुण, निरोगी कान 20 किलोहर्ट्झच्या आसपास थांबतो आणि वयाबरोबर आणखी खाली उतरत जातो. 16 बिटांना साधारण 96 डेसिबलचा पल्ला मिळतो, 24 बिटांना 144. रेकॉर्डिंग करताना 24 बिट हवेतच, कारण गाणारा अचानक किती जोर लावेल ते आधी ठाऊक नसतं, पातळी खाली ठेवून वर मोकळी जागा सोडावी लागते. तयार झालेलं गाणं ऐकताना ती जागा कोणाच्याच कामाची नसते.

यावर प्रयोग झाले आहेत. मेयर आणि मोरान यांनी 2007 साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मांडलेल्या चाचण्यांत उच्च रिझोल्यूशनचा आवाज आणि तोच आवाज सीडीच्या दर्जातून गाळून, असे दोन्ही लोकांना ऐकवले. 554 वेळा विचारून 276 उत्तरं बरोबर आली, म्हणजे निव्वळ अंदाजाने येतील तेवढीच. 2016 मध्ये जोशुआ राइस यांनी अशा बऱ्याच प्रयोगांची एकत्र छाननी केली तेव्हा एकूण प्रमाण 52.3 टक्के निघालं, शिकवून तयार केलेल्या ऐकणाऱ्यांचं त्याहून वर. म्हणजे फरक अगदी शून्य आहे असं मी म्हणणार नाही. पण 192 किलोहर्ट्झच्या फाइलींसाठी डिस्क भरून टाकण्याइतका तो नक्कीच नाही.

एमपीथ्रीची गोष्ट वेगळी, कारण तिथं माहिती खरोखरच टाकून दिली जाते. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि फ्राउनहोफर संस्थेतले त्यांचे सहकारी ज्या कल्पनेवर काम करत होते ती मला आजही विलक्षण वाटते: मोठ्या आवाजाच्या शेजारचा लहान आवाज कानाला ऐकूच येत नाही, तर मग तो साठवायचा कशाला? आवाजाचे 576 फ्रिक्वेन्सी-पट्टे करायचे, कोणत्या पट्ट्यात किती खरखर लपून जाईल ते कानाच्या स्वभावावरून ठरवायचं आणि तेवढीच अचूकता कमी करायची. ही घडण तपासायला त्यांनी वाद्यांची साथ नसलेलं, एका स्त्रीच्या मोकळ्या आवाजातलं गाणं वापरलं होतं. ते समजण्यासारखं आहे. गिटार-ड्रमच्या गर्दीत चुका लपतात, एकट्या गळ्यात लपायला जागा नसते.

काय टाकलं जातं ते ऐकता येतं. एखादं गाणं सीडीवरून वेव्ह फाइल म्हणून घ्यायचं, त्याचीच 128 किलोबिटची एमपीथ्री करायची, ती पुन्हा उलगडून ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइलीच्या खाली ठेवायची. दोन्हींची सुरुवात नमुन्याला नमुना जुळवायची, एक उलटी करायची आणि बेरीज करून वाजवायची. जे दोन्हींत सारखं आहे ते परस्परांना खाऊन टाकतं, उरतो तो फक्त फरक. हेडफोन लावून मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. झांजेची वरची सळसळ, ‘स’ आणि ‘श’चे फुत्कार, ठेक्याबरोबर फुगणारी आणि विरणारी खरखर, आणि त्या सगळ्यामागे दूर कुठंतरी तेच गाणं, ओळखू येईल इतपत. हे ऐकून बरेच जण एमपीथ्रीवर कायमची फुली मारतात. माझं म्हणणं आहे की एवढ्यावर निकाल देऊ नये. ही खरखर आपण एकटी काढून ऐकतोय. गाण्यात ती गाण्याखाली असते, आणि तिथं ती कानाला पकडता येते का, एवढाच खरा प्रश्न.

पकडता येते, पण सगळीकडे नाही. कमी बिटरेटला सगळ्यात आधी उघडं पडतं ते तालवाद्य. तबल्याच्या चाटेवरचा स्वच्छ ‘ना’ घ्या. शांततेतून एकदम उठणारा. एमपीथ्री आवाज तुकड्यातुकड्यांनी हाताळतो, आणि लांब तुकडा 26 मिलिसेकंदांच्या आसपासचा असतो. त्या तुकड्यात आलेली खरखर पूर्ण तुकडाभर पसरते, म्हणजे बोट चाटेवर पडण्याच्या आधीही. आघाताच्या आधीचे काही मोजके मिलिसेकंद कान माफ करतो, त्याआधीचे करत नाही. मग ‘ना’च्या अलीकडे एक बारीक ‘फस्’ चिकटतो आणि बोलाची धार बोथट होते. चांगले एन्कोडर, म्हणजे एमपीथ्री बनवणारे प्रोग्राम, असा आघात ओळखून तिथं आखूड तुकड्यांवर जातात. जुने आणि घाईचे एन्कोडर जात नसत. त्यामुळे एमपीथ्री वाईट की चांगली हे फॉरमॅटच्या नावावरून कळत नाही, ती कशाने बनवली ते विचारावं लागतं. लेम या एन्कोडरवर वर्षानुवर्षं कान लावून काम झालं आहे. त्याने बनवलेली 190 किलोबिटच्या आसपासची बदलत्या बिटरेटची फाइल मला बहुतेक संगीतात मुळाहून वेगळी ओळखता येत नाही. एएसी आणि ओपस हे नंतरचे फॉरमॅट तर त्याहून कमी जागेत तेवढं साधतात.

‘ओळखता येत नाही’ असं म्हणायचं तर ते नीट तपासून म्हणायला हवं, या बाबतीत मी हट्टी आहे. फूबार2000 या प्लेअरला त्यासाठी एबीएक्स नावाची जोड मिळते. अ आणि ब या दोन फाइली, आणि क्ष म्हणून त्यांतलीच एक, कोणती ते लपवलेलं. ऐकायचं, बदलून ऐकायचं, सांगायचं. 16 पैकी 12 किंवा जास्त उत्तरं बरोबर आली तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता 4 टक्क्यांच्या खाली जाते. चाचणीआधी दोन्हींची पातळी डेसिबलच्या एक-दोन दशांशांपर्यंत जुळवायची, ही अट सोडून चालत नाही. कारण किंचित मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, तो ‘भरदार’, ‘मोकळा’, ‘जिवंत’ वाटतो. फ्लेचर आणि मनसन यांनी 1933 सालीच दाखवलं होतं की आवाज लहान केला की खर्ज कानाला जास्तच लहान वाटतो. म्हणजे आवाज थोडा वाढवला की खर्ज आपोआप भरून येतो. प्लेअरांच्या तुलनेत ऐकू येणारी बरीचशी विशेषणं याच फटीतून आलेली असतात.

आता प्लेअरकडे. एकच फ्लॅक फाइल दोन वेगवेगळ्या प्लेअरांनी उलगडली तर दोघांकडेही नेमके तेच आकडे येतात. फ्लॅकमध्ये पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधतात आणि अंदाज व खरा आकडा यांतला फरक तेवढा साठवतात. उलगडताना मूळ आकडा बिटाबिटाने परत येतो. वेव्ह आणि तिच्यापासून बनवलेली फ्लॅक यांची वर सांगितलेली उलटी बेरीज केली तर उरते पूर्ण शून्यांची रांग. फ्लॅकच्या 0 ते 8 पातळ्यांनीही फक्त आकार आणि बनवायला लागणारा वेळ बदलतो. तेव्हा एका प्लेअरचा आवाज खरंच निराळा येत असेल तर त्याने, किंवा त्याच्या पुढच्या कोणीतरी, आकडे बदललेले असतात. हा कोणीतरी शोधायचा.

बहुतेक वेळा तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या मिक्सरमध्ये सापडतो. गाणं चालू असताना संदेशाची घंटीही वाजायला हवी, म्हणून विंडोज सगळ्या प्रोग्रामांचा आवाज एकत्र मिसळतं, आणि मिसळायचं तर सगळ्यांचा सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला नमुन्यांची संख्या, एकच हवा. सेटिंगमध्ये 48 किलोहर्ट्झ लिहिलेलं असेल तर 44.1चं गाणं 48चं केलं जातं. हे रूपांतर 147ला 160 अशा अडनिड्या प्रमाणात असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक नमुना नव्याने मोजून काढावा लागतो. चांगल्या गणिताने केलं तर कानाला पत्ता लागत नाही. वाईट केलं तर लागतो, आणि तो कसा ते प्रत्येकाने एकदा ऐकून बघावं असं मला मनापासून वाटतं. 20 हर्ट्झपासून 20 किलोहर्ट्झपर्यंत सावकाश चढत जाणारा एकच शुद्ध स्वर असलेली 44.1ची फाइल वाजवायची. व्यवस्थित यंत्रणेवर एक स्वर वर जात जात नाहीसा होतो, बाकी काही नाही. माझ्याकडच्या एका जुन्या साउंड कार्डावर मात्र त्या चढत्या स्वरामागून फाइलीत नसलेले भलतेच स्वर उमटत होते. काही त्याच्याबरोबर चढत, काही उलटे खाली उतरत. गाण्यात हे वेगळे ओळखू येत नाहीत. तिथं नुसतं वरच्या पट्टीत काहीतरी कर्कश आहे एवढंच जाणवतं, आणि दोष एमपीथ्रीच्या माथी मारला जातो.

उपाय साधे आहेत. सेटिंगमधला रेट आपल्या बहुतेक संग्रहाशी जुळवून ठेवायचा, किंवा प्लेअरला वासापी या विंडोजच्या ध्वनियंत्रणेच्या एक्सक्लुसिव्ह मोडमध्ये लावायचं, म्हणजे मिक्सर मधून बाजूला होतो आणि फाइलीतले आकडे थेट डॅकच्या ड्रायव्हरकडे जातात. मॅकवर ऑडिओ मिडी सेटअप या छोट्या प्रोग्राममध्ये रेट बघता आणि बदलता येतो. आणि हो, ‘एन्हान्समेंट’ नावाने जे काही सुरू असेल ते बंद. खर्ज वाढवणं, खोलीचा भास देणं हे सगळं ज्याला हवं त्याने जाणून चालू करावं; कारखान्यातून येतानाच चालू असलेलं मला मुळीच पटत नाही.

दुसरी जागा आहे क्लिपिंगची, म्हणजे लहरीची शिखरं कापली जाण्याची, आणि तिच्याकडे लक्ष देणारे फार थोडे. आजची बरीच गाणी कमाल पातळीला टेकवून मास्टर केलेली असतात. त्यांची एमपीथ्री केली की लहरीचा आकार जरासा बदलतो, आणि उलगडताना काही शिखरं कमाल पातळीच्याही वर जातात. प्लेअर आत फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे कमाल पातळीवरचेही आकडे धरू शकणाऱ्या दशांशांत, हिशेब करत असेल तर तोवर काही बिघडत नाही. पण पूर्णांकात बदलताना ती शिखरं सपाट कापली जातात आणि आवाजाला चरचर येते. प्लेअरमध्येच पातळी दोन-तीन डेसिबल खाली घेतली की ती शिखरं शाबूत राहतात. सॉफ्टवेअरमधून आवाज कमी केला की बिट वाया जातात अशी भीती पुष्कळांना असते. गणिताने ते खरंही आहे, दर 6 डेसिबलला एक बिट. पण डॅक 24 बिटांचा असेल तर 16 बिटांच्या गाण्याखाली 8 बिटांची मोकळी जागा असते, तेव्हा त्याची चिंता नको.

इथंच ती मास्टरिंगची गोष्ट येते. जुन्या रेकॉर्डिंगची नवी ‘रिमास्टर्ड’ आवृत्ती पुष्कळदा नुसती मोठी केलेली असते. हळू आणि जोरकस यांतलं अंतर दाबून सगळंच जोरकस केलेलं. अशा मास्टरची 24 बिट, 96 किलोहर्ट्झची फाइल आणि मोकळा श्वास असलेल्या जुन्या मास्टरची साधी एमपीथ्री समोर ठेवली तर मी डोळे झाकून एमपीथ्री उचलेन. या मोठं करण्याच्या चढाओढीवर सॉफ्टवेअरनेच एक चांगला उतारा दिला. डेव्हिड रॉबिन्सन यांनी 2001 साली रिप्लेगेनची कल्पना मांडली: फाइल कानाला किती मोठी वाटते ते आधी मोजायचं, तो आकडा टॅगमध्ये लिहायचा, आणि वाजवताना प्लेअरने तेवढा आवाज कमी-जास्त करायचा. आवाजाच्या नमुन्यांना हात लागत नाही. पुढे 2010 मध्ये युरोपच्या प्रसारण संघाने आवाजाची पातळी मोजून जुळवण्याचं आर128 हे प्रमाण आणलं, आणि आता मोठ्या स्ट्रीमिंग सेवाही गाणी एका पातळीला आणून ऐकवतात. पातळी समान झाली की दाबलेलं गाणं मोठं राहत नाही, नुसतं चपटं ऐकू येतं. फक्त अल्बम सलग ऐकताना ‘ट्रॅक’ऐवजी ‘अल्बम’ हा पर्याय निवडावा. नाहीतर कलाकाराने मुद्दाम हलकं ठेवलेलं गाणं शेजारच्या दणदणीत गाण्याइतकं वर उचललं जातं, आणि त्या रचनेचा तोलच जातो.

सलग ऐकण्यावरून तंबोऱ्याची गोष्ट सांगायला हवी. मैफलीचं लांब रेकॉर्डिंग तुकडे करून ठेवलेलं असतं, आलाप एका फाइलीत, बंदिश पुढच्या. मागे तंबोरा अखंड चालू. एमपीथ्री 1,152 नमुन्यांच्या ठरावीक चौकटीत बसते. लेम सुरुवातीला 576 नमुन्यांची भर घालतो, उलगडताना आणखी 529 वाढतात, आणि शेवटची चौकट भरायला मागे शांतता चिकटते. सुरुवातीचेच 1,105 नमुने धरले तर 25 मिलिसेकंद होतात. लिहायला क्षुल्लक, पण अखंड घुमणाऱ्या जवारीत तेवढं भोक पडलं की तंबोरा मध्येच ठेचकाळतो आणि आलापात लागलेली तंद्री मोडते. लेम ही भर किती घातली ते फाइलीच्या डोक्यावर लिहून ठेवतो. ते वाचून तेवढे नमुने वगळायचे, इतकंच प्लेअरला करायचं असतं, आणि आजही काही प्लेअर ते करत नाहीत. प्लेअर निवडताना मी सगळ्यात आधी हे बघतो, दिसण्यानंतर आणि सोयींनंतर नव्हे. 320चा आग्रह धरणाऱ्या माणसाने ही तुटलेली षड्जाची आस कशी चालवून घ्यावी, हे मला कळत नाही.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. फाइल फ्लॅक असो की काही असो, हेडफोनकडे जाताना फोन तिला बहुधा पुन्हा एकदा लॉसी करतो, म्हणजे थोडी माहिती टाकून लहान करतो. सगळीकडे चालणारा एसबीसी हा ब्लूटूथचा फॉरमॅट नेहमीच्या वरच्या सेटिंगला 328 किलोबिटपर्यंत जातो, एलडॅक 990पर्यंत. चालता-फिरता ऐकायला हे पुरेसं आहे. फक्त त्या हेडफोनवर बसून फॉरमॅटची तुलना करू नये.

तुलनेसाठी हाती घेतलेली फ्लॅक फाइल खरी आहे का, हेही बघावं लागतं. एमपीथ्रीची फ्लॅक करता येते, टाकून दिलेलं मात्र परत येत नाही. फाइल तेवढी फुगते. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या फ्रिक्वेन्सी आहेत याचं चित्र, काढला की बहुधा उघडं पडतं: 128च्या फाइलीत साधारण 16 किलोहर्ट्झवर रेघ मारल्यासारखं सगळं संपतं आणि वर नुसता काळोख. जुनी रेकॉर्डिंग मुळातच तिथवर पोचत नाहीत, म्हणून एका चित्रावर कोणावर आळ घेऊ नये, पण नव्या रेकॉर्डिंगमध्ये अशी सरळ कडा दिसली तर मला संशय येतो.

मग एमपीथ्रीतून मला फरक ओळखू येत नसताना माझा संग्रह फ्लॅकमध्ये का? ऐकण्यासाठी नाही, जपण्यासाठी. लॉसी फाइलीतून दुसरी लॉसी फाइल केली की नुकसानीवर नुकसान चढतं. फ्लॅक असेल तर फोनसाठी आज ओपस करता येतं, उद्या त्याहून चांगलं काही आलं तर त्याच मुळातून तेही करता येईल, दरवेळी पहिल्याच पिढीची नक्कल. शिवाय फ्लॅकच्या सुरुवातीला मूळ नमुन्यांचा एमडी5 हॅश, म्हणजे त्या आकड्यांवरून काढलेला ओळखीचा ठसा, लिहिलेला असतो. संपूर्ण फाइल उलगडून तो हॅश पुन्हा काढायचा आणि जुळतो का बघायचं, एवढी सोय फ्लॅकच्या स्वतःच्या प्रोग्राममध्येच आहे. जुळला तर सीडीवरून काढलेल्या त्या दिवसापासून एकाही आकड्याला हात लागलेला नाही याची खात्री होते. डिस्कवर बिट सडून एखादा जरी नमुना बदलला असेल तर तिथंच कळतं. ही तपासणी मी अधूनमधून सगळ्या संग्रहावर लावतो, रात्रभर चालते. ज्या फाइलीचा हॅश जुळत नाही ती बॅकअपमधून परत आणायची, आणि बॅकअपमधलीही बिघडलेली असेल तर कपाटातली सीडी काढून पुन्हा उतरवून घ्यायची.